सोलापूर : श्रमांतून घडलेलें नगर

शहरांच्या जन्मकुंडल्या पाहूं गेल्यास बहुतेकांच्या जन्मस्थानीं एखादा प्रबळ ग्रह आढळतो. कोणाला मोठ्या नदीचा कांठ लाभलेला असतो, कोणाला समुद्राचें बंदर, कोणाला राजाची गादी, तर कोणाला तीर्थाचें माहात्म्य. नाशिकास गोदावरी आहे, मुंबईस समुद्र आहे, साताऱ्यास छत्रपतींची गादी आहे आणि पंढरपुरास विठोबा आहे. सोलापूरच्या कुंडलींत असा एकहि ग्रह उच्चीचा नाहीं. सीना नदी शहरापासून कांहीं कोसांवरून वाहते व भीमा तिच्याहि पलीकडून जाते. कोणत्याहि राजवंशानें येथें आपली राजधानी थाटली नाहीं. पाऊस बेताचा, ऊन मात्र सढळ. असें असूनहि २०११ सालच्या शिरगणतींत या शहराची वस्ती ९,५१,५५८ भरली. निसर्गानें जेथें इतका हात आंखडता घेतला, तेथें एवढें नगर कां उभें राहिलें, या प्रश्नाच्या उत्तरांतच सोलापूरचा सारा इतिहास व सारा स्वभाव सांपडतो.

प्रथम भूमीचा विचार करणें इष्ट. सोलापूर जिल्हा महाराष्ट्राच्या आग्नेय टोंकास, कर्नाटकाच्या सीमेस खेटून पसरलेला आहे. करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, सांगोलें, मंगळवेढें, अक्कलकोट व उत्तर आणि दक्षिण सोलापूर असे त्याचे अकरा तालुके. उत्तरेस बार्शीच्या बाजूला बालाघाटाच्या टेंकड्यांचे पाय जिल्ह्यांत शिरतात. बाकी सर्व मुलूख उघडा, सपाट किंवा किंचित् लाटांसारखा उंचसखल. मोसमी वारे समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या माथ्यावर आपलें ओझें रितें करतात आणि येथवर पोंचेपर्यंत त्यांची झोळी बहुतेक रिकामी झालेली असते. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; सोलापुरांत त्याचा दहावा हिस्साहि सरासरीनें कसाबसा पडतो. त्यांतहि भरवंशाचा पाऊस आषाढ-श्रावणाचा नव्हे, तर परतीचा, म्हणजे उत्तरा व हस्त नक्षत्रांचा.

या उशिरा येणाऱ्या पावसानें येथील शेतीला एक वेगळेंच वळण दिलें आहे. काळी जमीन भाद्रपद-आश्विनांतील पाणी आपल्या पोटांत सांठवून ठेवते. त्याच ओलीवर शेतकरी रब्बीची ज्वारी पेरतो आणि पुढें थंडीच्या दिवसांत आभाळाचा एक थेंबहि न पडतां ती ज्वारी माथ्याएवढी वाढून मोत्यासारखें कणीस धरते. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेली ‘मालदांडी’ ही ज्वारी साऱ्या दख्खनांत नांवाजली, ती याच कोरड्या मातीच्या बळावर. मंगळवेढ्याचें काळें रान तर ज्वारीचें कोठार म्हणूनच ओळखलें जातें. या ज्वारीची कडक भाकरी व उखळांत कुटलेली शेंगांची चटणी हें सोलापूरचें सर्वांच्या परिचयाचें अन्न. येथील हवा कोरडी असल्यामुळें पातळ थापून वाळविलेली भाकरी दिवसच्या दिवस टिकते. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याची ती शिदोरी होते आणि घरीं बसून ती भाजणाऱ्या असंख्य गृहिणींची उपजीविकाहि होते. याच उजाड माळरानांत माळढोक नांवाचा दुर्मिळ पक्षी राहत आला. त्याच्या रक्षणासाठीं नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य करण्यांत आलें. मात्र अभयारण्य झाल्यावरहि त्या पक्ष्याची संख्या घटतच गेली, ही खेदाची गोष्ट होय.

आतां नांवाविषयीं. सोळा गांवें मिळून सोलापूर झालें अशी व्युत्पत्ति लोक मोठ्या हौसेनें सांगतात. परंतु शिलालेखांची साक्ष निराळी आहे. त्यांत या गांवाचें नांव ‘सोन्नलिगे’ असें येतें. बाराव्या शतकांत या सोन्नलिगेंत सिद्धरामेश्वर नांवाचे महापुरुष होऊन गेले आणि शहराच्या चरित्राचें पहिलें पान त्यांनींच लिहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. बसवेश्वर व अल्लमप्रभु यांचे ते समकालीन. लहानपणीं गुरें राखतां राखतां त्यांना मल्लिकार्जुनाचा ध्यास लागला व त्या देवाच्या शोधांत ते श्रीशैलापर्यंत जाऊन आले, अशी कथा आहे. परत आल्यावर मात्र त्यांनीं गुहेंत बसून तप केलें नाहीं. त्यांनीं लोक जमविले, हातांत कुदळ घेतली आणि तळें खणावयास आरंभ केला. गांवाभोंवतीं पांच कोसांच्या परिसरांत त्यांनीं अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. तळें, देऊळ, अन्नछत्र यांचा त्यांनीं एकच संसार मांडला. पुढें अल्लमप्रभूंनीं त्यांना, बाहेर तळें खणणाऱ्यानें अंतरांतहि खणलें पाहिजे, असा बोध केला, अशी वीरशैव संप्रदायाची परंपरा सांगते. सिद्धरामांनीं तो बोध घेतला व कानडी भाषेंत त्यांनीं केलेलीं वचनें त्या साहित्याचें भूषण होऊन राहिलीं. पण सोलापूरनें मात्र त्यांचें तळें कधीं विसरलें नाहीं. आजहि त्या पाण्याच्या मध्यभागीं सिद्धेश्वराचें मंदिर उभें आहे आणि शहराच्या ग्रामदैवताचा मान त्यांनाच आहे. ज्या गांवाचा देव स्वतः पाण्यासाठीं राबला, त्या गांवाला पाण्याचें मोल कोणी समजावून सांगावें?

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा हा या शहराचा प्राण होय. सिद्धरामांवर एका कुंभारकन्येचें मन जडलें. त्यांनीं स्वतः संसार न मांडतां आपल्या योगदंडाशीं तिला विवाह करावयाची अनुज्ञा दिली, अशी आख्यायिका आहे. यात्रेंत तोच विवाह दरसाल लागतो. पहिल्या दिवशीं अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशीं संमति कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांतीस होम होतो व त्यानंतर शोभेच्या दारूनें आकाश उजळून निघतें. उंचच उंच असे सात नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदींतील मानकरी पेलून नेतात. ते पेलणें हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. कमरेच्या पट्ट्याला आधार देणारे, तोल सांवरणारे, पुढें वाट मोकळी करणारे असे कित्येक जण लागतात. या ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वांटलेले आहेत. ध्वज हलला तर सर्वांचाच तोल जावयाचा, ही जाणीव त्या मिरवणुकींत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचतां येते.

शहराच्या दक्षिणेस, सीना व भीमा यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथें शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. मराठीच्या उपलब्ध लेखांत त्याची गणना अगदीं आरंभीच्या लेखांत होते. तो उजेडांत आणण्याचें श्रेय सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांना दिलें जातें. मराठीचा एवढा जुना लेख आणि कानडीचा एवढा थोर वचनकार एकाच भूमींत असावेत, यांत नवल कांहींच नाहीं. भाषांच्या सीमा नकाशावर रेघेसारख्या दिसतात. प्रत्यक्षांत त्या ओल्या रंगाप्रमाणें एकमेकींत उतरलेल्या असतात.

बहामनी काळांत येथें भुईकोट किल्ला झाला. बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर हा किल्ला आला आणि पुढील शंभर वर्षें त्याला स्वस्थता म्हणून मिळाली नाहीं. विशेष हें कीं, हा किल्ला लढाईइतकाच लग्नांत गाजला. १५२४ च्या सुमारास आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हां सोलापूर आंदण म्हणून द्यावयाचें ठरलें. पण प्रत्यक्ष ताबा कांहीं मिळाला नाहीं व त्यावरून युद्धें पेटलीं. पुढें निजामशहाची कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, त्या वेळींहि आंदणाच्या यादींत पुन्हां सोलापूर! एका मुलीबरोबर किल्ला द्यावा आणि दुसऱ्या पिढींत तोच परत मागावा, असा हा व्यवहार चालला. सतराव्या शतकांत हा किल्ला मोगलांकडे गेला. औरंगजेबानें भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या माचणूरजवळ, १६९५ पासून सुमारें चार वर्षें तळ दिला होता. शेवटीं मे १८१८ मध्यें जनरल मन्रो यानें पेशव्यांच्या शिबंदीचा पराभव करून किल्ला घेतला आणि सोलापूर कंपनी सरकारच्या अमलांत गेलें. एवढ्या सत्ता आल्या व गेल्या. परंतु यांपैकीं कोणीहि सोलापूरला शहर केलें नाहीं. तें काम विणकराचें.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळांत येथें माधवपेठ वसली, तीच आजची मंगळवार पेठ, असें सांगतात. तेलंगणांतील पद्मशाली विणकर दुष्काळाच्या झळांनीं व पोटाच्या ओढीनें पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत होते. त्यांतील अनेक कुटुंबें येथें स्थिरावलीं. कोरडी हवा, आसपासच्या मुलखांतील कापूस व तयार बाजारपेठ एवढ्या भांडवलावर त्यांनीं हातमाग मांडले. उभा ताणा मागावर चढवावा, पायाखालच्या पावड्या दाबून धाग्यांत वाट पाडावी आणि त्या वाटेनें धोटा इकडून तिकडे फेंकावा, हें काम एकट्या पुरुषाचें दिसतें; परंतु सूत रंगविणें, त्यास खळ देणें, तें उकलणें, कांड्या भरणें यांत घरांतील आजीपासून नातवापर्यंत सारे हात गुंतलेले असतात. विणकराचें घर हाच त्याचा कारखाना व कुटुंब हेंच त्याचें मनुष्यबळ. सोलापूरच्या पूर्वभागांत अद्यापहि अनेक गल्ल्यांतून मागांचा खटखटाट ऐकूं येतो. नारळी पौर्णिमेस मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो आणि नवरात्रांत तेलुगू स्त्रिया फुलांचा बतुकम्मा मांडून फेर धरतात, तेव्हां मागें सुटलेला मुलूख क्षणभर पुन्हां भेटतो.

हातमागाच्या या गांवाला नगराचें रूप दिलें तें रेल्वेनें. १८६० सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून सोलापूरला येऊन पोंचली. तत्पूर्वींच, १८५२ सालीं, येथें नगरपालिका स्थापन झाली होती. आगगाडीबरोबर मुंबईचें भांडवल आलें. १८७४ च्या सुमारास मुंबईचे सुप्रसिद्ध गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. हीच लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’. एकोणिसाव्या शतकाची अखेर व विसाव्याचा प्रारंभ या संधिकालांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णु, जाम अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. पहांटे भोंगा वाजावा आणि त्याच्या आवाजावर चुली पेटाव्यात, पोरें शाळेस निघावींत, दुकानें उघडावींत, असा साऱ्या शहराचा दिनक्रम ठरून गेला. घड्याळ घेण्याची ऐपत नसलेल्यांना भोंगा हेंच घड्याळ होतें. उद्योगाच्या या हवेनें माणसेंहि घडविलीं. जहाजें, विमानें व मोटारी यांचे कारखाने काढण्याचें धाडस करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला.

या समृद्धीची एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. इंग्रज सरकारनें कायद्यानें ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींना सोलापुरांत तारेच्या कुंपणांत, ‘सेटलमेंट’मध्यें, कोंडून ठेवलें होतें. जन्मतःच ज्यांच्या कपाळीं गुन्ह्याचा शिक्का बसला, अशीं हीं माणसें हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जात व हजेरी देऊन कुंपणांत परतत. तो अन्यायी कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला, तेव्हां हे लोक खऱ्या अर्थानें स्वतंत्र भारतांत आले. शहराच्या वैभवांत त्यांच्या घामाचाहि वांटा आहे.

गिरणीनें कामगार घडविला आणि कामगारानें नागरिक घडविला, याचा प्रत्यय १९३० सालीं आला. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. ५ मे रोजीं महात्मा गांधींना अटक झाली व दुसऱ्याच दिवशीं शहरानें हरताळ पाळला. ८ मे रोजीं जमाव शिंदीचीं झाडें तोडण्यास निघाला. पोलिसांनीं धरपकड व गोळीबार केला. त्यांत शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. क्षोभाचा भडका उडाला. पोलीस चौकी जळाली व कांहीं पोलीसहि प्राणांस मुकले. सरकारी अधिकाऱ्यांनीं शहरांतून माघार घेतली आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापुरांत इंग्रजी अंमल असा राहिलाच नाहीं. या तीन दिवसांत शहर लुटारूंच्या हातीं गेलें असतें तर नवल नव्हतें. परंतु काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं चौकाचौकांत उभें राहून रहदारी सांभाळली, पहारे दिले व व्यवहार सुरळीत ठेवला. १२ मे रोजीं सरकारनें लष्करी कायदा पुकारला. जून अखेरपर्यंत तो चालला. गांधी टोपी घालणें हाहि त्या दिवसांत अपराध ठरला.

पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांवर खटला झाला : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांनाहि फांशी देण्यांत आली. या चार नांवांकडे क्षणभर पाहावें. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. एकाची घरची भाषा कानडी, दुसऱ्याची मारवाडी, तिसऱ्याची उर्दू, चौथ्याची मराठी. कोणी मुद्दाम निवड करावयास बसलें असतें तरी सोलापूरचें याहून खरें प्रतिबिंब त्याला निवडतां आलें नसतें. चार हुतात्म्यांच्या चौकांत त्यांचे पुतळे आहेत. संक्रांतीच्या यात्रेची लगबग सुरू असतांनाच त्यांचा स्मृतिदिन येतो. एकाच आठवड्यांत शहर विवाहाच्या अक्षता टाकतें आणि हौतात्म्याला फुलें वाहतें.

याच शहरांत जन्मलेला एक तरुण डॉक्टर १९३८ सालीं युद्धग्रस्त चीनच्या साहाय्यास गेला. द्वारकानाथ कोटणीस हें त्याचें नांव. परक्या देशांतील जखमी सैनिकांची शुश्रूषा करतां करतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तो तेथेंच मरण पावला. चीनमध्यें त्याचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें व सोलापुरांतील त्याचें घर स्मारक म्हणून जतन केलें आहे. अनेक भाषांच्या शेजारांत वाढलेल्या मुलाला दूरच्या माणसाचें दुःख परकें वाटलें नाहीं, हें या गांवाच्या संस्कारास शोभण्यासारखेंच झालें.

स्वातंत्र्यानंतर सोलापूरनें भारताच्या घटनेच्या इतिहासांतहि आपलें नांव कोरलें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं नसते. १९४९ च्या ऑगस्टमध्यें जुनी मिल कारभाराच्या घोटाळ्यामुळें बंद पडली व हजारों कामगार उघड्यावर आले. जानेवारी १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हातीं घेतला. एका भागधारकानें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. डिसेंबर १९५० मध्यें त्याचा अर्ज फेटाळला गेला. परंतु दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यांत डिसेंबर १९५३ मध्यें निकाल उलट झाला व मोबदल्यावांचून मालमत्ता अशी हातीं घेणें घटनाबाह्य ठरलें. असे जे कांहीं निकाल त्या काळांत लागले, त्यांच्या परिणामीं १९५५ सालीं घटनेची चौथी दुरुस्ती झाली. मालकाचा हक्क मोठा कीं कामगाराची भाकरी मोठी, हा प्रश्न नव्या प्रजासत्ताकापुढें आला तो सोलापूरच्या गिरणीच्या दारांतून.

न्यायालयांत प्रश्न सुटला तरी गिरण्यांचें दैव कांहीं फिरलें नाहीं. जुनीं यंत्रें, वाढता तोटा व बदललेली बाजारपेठ यांपुढें विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक मोठ्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. भोंगे मुके झाले. तथापि माग बंद पडले नाहींत. गिरणीची जागा यंत्रमागाच्या लहान कारखान्यांनीं घेतली. ‘सोलापुरी चादर’ हें नांव घराघरांत पोंचलें तें याच लोकांच्या कर्तृत्वानें. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ‘जकार्ड’ यंत्रावर फिरते. ज्या ठिकाणीं भोंक असेल तेथील धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीं राहतो, आणि अशा रीतीनें मोर, वेलबुट्टी, चौकट हें सारें विणतां विणतांच कापडांत उमटतें. वरून छापावें लागत नाहीं. चादरीला व टर्किश टॉवेलाला सरकारी भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु मानांकनानें पोट भरत नाहीं. पानिपतच्या स्वस्त मालाशीं स्पर्धा, सुताचे चढे भाव आणि कामगारांची टंचाई यांनीं मागवाल्यास घेरलें आहे. आपल्या मुलानें मागावर बसावें असें आतां विणकरालाच वाटेनासें झालें आहे. गिरणी कामगाराचा नातू पुण्यास नोकरी शोधतो. सुटीच्या दिवशीं गाड्या त्याला घेऊन येतात व दुसऱ्या दिवशीं परत नेतात.

या पडझडींत घर सांवरून धरलें तें स्त्रियांनीं. पूर्वभागांतील हजारों स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तेंदूचें पान कातरावें, त्यांत तंबाखू भरावी, वळावें व दोऱ्यानें बांधावें. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबानें. तंबाखूच्या धुळीनें प्रकृतीची हानि होते, हें त्यांनाहि ठाऊक आहे. पण दुसरें काम कोठें आहे? या स्त्रियांनीं संघटित होऊन एक मोठी गोष्ट मात्र साध्य केली. शहराजवळ कुंभारी येथें सहकारी पद्धतीनें विडी कामगारांसाठीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्याच परिसरांत असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची रे नगर वसाहत योजिली गेली व तींतील पहिलीं पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें कामगारांच्या स्वाधीन झालीं. सिद्धरामांनीं लोक जमवून तळें खणलें. या स्त्रियांनीं लोक जमवून घरें बांधविलीं. रीत तीच आहे.

भाषेचा प्रश्नहि सोलापूरनें आपल्याच रीतीनें सोडविला आहे. येथें मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारहि भाषांतून शाळा चालतात. भाजी बाजारांत भाव एका भाषेंत विचारला जातो, घासाघीस दुसरींत होते आणि हिशेब तिसरींत चुकता होतो. १९६७ सालीं महाजन आयोगानें अक्कलकोट व दक्षिण सोलापूर हा भाग कर्नाटकास जोडावा अशी शिफारस केली. ती अमलांत आली नाहीं. सीमावादाचे पडसाद येथेंहि उमटतात, परंतु शेजाऱ्याच्या भाषेंत सुखदुःख विचारण्याची संवय त्यामुळें सुटली नाहीं. मराठींतील लावणीला डौल आणणारे शाहीर रामजोशी हे सोलापूरचेच, आणि वचनकार सिद्धरामहि सोलापूरचेच. दोघांवरहि शहराचा हक्क सारखाच.

शेवटीं पुन्हां पाण्याकडे वळावें लागतें, कारण सोलापूरची प्रत्येक कथा अखेर तेथेंच येऊन थांबते. इंग्रजी अमलांत १८७१ च्या सुमारास शहराच्या उत्तरेस एकरूखचा, म्हणजेच हिप्परग्याचा, विस्तीर्ण तलाव बांधला गेला. तरीहि १८७६ ते ७८ च्या दुष्काळानें हा जिल्हा होरपळला व १९७२ सालींहि खडी फोडणाऱ्या हातांनीं येथील रस्ते भरून गेले. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें. त्याची सांठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट. धरण सोलापूर जिल्ह्यांत आहे, पण तें भरतें पुणें जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पावसानें. सोलापुरांत ढग नसतांना उजनीचे दरवाजे उघडावे लागतात, असा चमत्कार येथें नेहमींचाच. त्या पाण्यानें ओसाड रानें हिरवीं केलीं. ज्या मुलखांत माळढोक हिंडे तेथें ऊस डोलूं लागला आणि तीसहून अधिक साखर कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. सांगोल्याच्या शेतकऱ्यानें मात्र थोडक्या पाण्यावर डाळिंब पिकवून दुसरा मार्ग दाखविला. उलट सोलापूर शहराला शंभरएक किलोमीटरांवरील त्याच धरणांतून नळानें पाणी आणावें लागतें, आणि एकविसाव्या शतकांतहि वर्षानुवर्षें नागरिकांना कांहीं दिवसांच्या अंतरानेंच पाणी भरून ठेवण्याचा प्रसंग आला. धरणांत पाणी आणि घरांत घागर रिकामी, ही विसंगति निसर्गानें निर्माण केलेली नाहीं. पाणी किती, यापेक्षां तें कोणास, किती व कशासाठीं द्यावयाचें, हा प्रश्न आतां मोठा झाला आहे. आणि हा प्रश्न ढगांनीं सुटणारा नाहीं, तो माणसांनींच सोडवावयाचा आहे.

१५ जून २०२३ रोजीं सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानतळाच्या मार्गांत येते म्हणून पाडण्यांत आली. कोणी हळहळले, कोणी समाधान मानलें. दोन वर्षांनीं, २०२५ च्या जूनमध्यें, सोलापूरहून गोव्याकडे विमान झेंपावलें. जें गांव एकेकाळीं चिमण्यांच्या संख्येवर आपली श्रीमंती मोजी, त्यानें विमानासाठीं चिमणी खालीं आणली, यांत काळाचा पालट स्पष्ट दिसतो. नव्या वाटेनें उद्योग येतील कीं उरलीसुरलीं तरुण मुलेंच निघून जातील, हें त्या विमानावर अवलंबून नाहीं; तें येथें हातांना काम मिळतें कीं नाहीं, यावर अवलंबून आहे.

सोलापूरला कोणी वैभवशाली नगर म्हणणार नाहीं. येथें प्रेक्षणीय प्रासाद नाहींत, हिरव्या दऱ्या नाहींत, हवा खाण्यास यावें अशी हवाहि नाहीं. येथें जें आहे तें कोणीतरी कष्टानें केलेलें आहे. तळें खणलेलें आहे, कापड विणलेलें आहे, तीन दिवसांचें स्वराज्य मिळविलेलें आहे, शेजार जोडलेला आहे. निसर्गानें दिलेलें वैभव ओसरलें तर माणूस हताश होतो, कारण तें परत आणणें त्याच्या हातीं नसतें. परंतु जें हातांनीं घडविलें तें हातांनीं पुन्हां घडवितां येतें. ताण्यांतील एखादा धागा तुटला म्हणून विणकर माग टाकून उठत नाहीं. तो वांकतो, दोन टोंकें हुडकून काढतो, गांठ मारतो आणि धोटा पुन्हां चालूं लागतो. या शहराच्या पुढील पिढीला मागावर बसावें लागेलच असें नाहीं. मात्र तुटलेला धागा सांधण्याचें हें कसब तिच्या हातांत उतरलें पाहिजे.